बिल ब्लास्टिंगचं, मारला नुसता वायर ब्रश

गोव्यात कुंडईच्या आमच्या युनिटसाठी आग विझवायच्या पाण्याची लोखंडी टाकी करून घेतली. कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: एसए अडीच दर्जाचं ब्लास्टिंग (म्हणजे खरखरीत कणांचा जोरदार मारा करून लोखंड जवळजवळ पूर्ण साफ करणं), वर झिंक प्रायमर, मग इपॉक्सी, शेवटी पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा हात. बिलही त्याच दराने लागलं. पहिला पावसाळा सरला आणि वेल्डिंगच्या जोडांलगत फोड दिसू लागले. एक फोड सुरीने उचकटला, तर तळहाताएवढा पोपडा सुटून आला. पोपड्याची पाठ काळी-निळी, चकचकीत! प्लेट तापवून लाटताना तिच्यावर जी मिल स्केल बसते, तीच ती. एसए अडीच ब्लास्टिंगनंतर फार तर फिकट डाग उरतात, स्केल नाही.

म्हणजे ग्राइंडरला कप ब्रश लावून प्लेटा चमकवल्या आणि रंगवून टाकल्या. ब्रशने घट्ट स्केल निघत नाही, उलट तिला पॉलिश चढतं आणि रंगाला धरायला काही उरत नाही. खऱ्या ब्लास्टिंगने साधारण 50 ते 75 मायक्रॉन खोल खडबडीतपणा येतो, रंग त्यात रुततो. स्केलच्या भेगांत ओल शिरली की स्केल तशीच राहते आणि खालचं लोखंड खड्डे पडून खाल्लं जातं.

आम्हाला दाखवलेला नमुन्याचा तुकडा मात्र अस्सल होता, राखाडी आणि हाताला खरखरीत. नंतर ठेकेदाराने एल्कोमीटर, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, टेकवून दाखवला: "बघा पात्रांव, अडीचशे मायक्रॉन!" जाडी होतीच. पण त्या यंत्राला रंगाखाली काय दडलंय ते कळत नाही, आणि सगळी लबाडी तिथेच चालते.

क्रमातही हात मारला. पाणी भरून चाचणी होईपर्यंत जोडांचा पट्टा कोरा ठेवायचा असतो, कारण सुईच्या टोकाएवढं छिद्र रंगाने बुजतं आणि चाचणीत लपून जातं. इथे पेंटिंगचा हप्ता लवकर सुटावा म्हणून आधी सगळं रंगवलं, मग पाणी भरलं. आता पोपडे गेलेल्या जोडांतून पाझर लागलाय. तळाच्या प्लेटांची खालची बाजूही अंथरण्याआधीच रंगवावी लागते, नंतर तिथे हात पोचत नाही. त्याचे फोटो मागितले, तर आले ते भलत्याच शेडमधले.

म्हणून टाकी करून घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, ब्लास्टिंग झाल्यावर आणि प्रायमर लागण्याआधी आपला माणूस यार्डात उभा हवा. प्लेटांवर खडूने नंबर टाका, प्रत्येकीचा फोटो घ्या, आणि हप्ता तिथेच अडकवून ठेवा. हे वर्क ऑर्डरमध्येच लिहा, तोंडी नको. कोरं लोखंड आपल्या हवेत काही तासांतच लालसर पडतं, त्यामुळे "प्रायमर उद्या मारतो" हे ऐकून घेऊ नका. वास्कोच्या बाजूला, खाऱ्या वाऱ्यात पडून राहिलेल्या प्लेटा ब्लास्टिंगआधी गोड्या पाण्याने धुवायला लावा. नुसत्या ब्लास्टिंगने मीठ पुरतं जात नाही.

हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल, किंवा प्लेट दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते) किमान 3 अंश गरम नसेल, तर रंगकाम थांबवायचं असतं. पावसाळ्यात गोव्यात उघड्यावर हे जमणं कठीण. मे महिन्यात ऑर्डर देत असाल तर बंद शेडमध्ये ब्लास्टिंग करणारा गाठा, नाहीतर रंगकाम पाऊस ओसरल्यावरच ठेवा.