पृथ्वीच्या उत्सर्जित उष्णतेची नोंद: नोआच्या विनामूल्य ओएलआर डेटाचे परीक्षण

पृथ्वी अवकाशात जी उष्णता परत सोडते, तिची जून १९७४ पासूनची दैनंदिन नोंद अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि महासागर संस्थेने सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहे, आणि मान्सूनचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती एकदा तरी स्वतः हाताळावी असे मला मनापासून वाटते. या उष्णतेला बहिर्गामी दीर्घलहरी प्रारण म्हणतात. अभ्यासक मात्र इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ओएलआर' असेच म्हणतात.

साऱ्या पृथ्वीवर अडीच-अडीच अंशांची जाळी टाकून प्रत्येक दिवसाचे १०,५१२ आकडे वॅट प्रति चौरस मीटरमध्ये, नेटसीडीएफ या हवामानाच्या आकड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्वरूपाच्या फाइलमध्ये मिळतात. उपग्रहाच्या नजरेतून सुटलेल्या जागा शेजारच्या आणि मागच्या-पुढच्या दिवसांच्या मोजणीवरून भरून घेतलेल्या असतात. १९७८ मधील मार्च ते डिसेंबर हा खंड मात्र भरलेला नाही, त्यामुळे दीर्घकालीन सरासरी काढताना ते वर्ष वगळावे.

या आकड्यांचे मोल पावसाळ्याच्या तोंडावर कळते. उंच वाढलेल्या ढगांचे माथे अतिशय थंड असल्याने तेथून उष्णता कमी बाहेर पडते. म्हणून उष्ण कटिबंधात ओएलआर जितका कमी, तितके ढग उंच. केरळात मान्सून दाखल झाल्याचे जाहीर करताना आपले हवामान खाते पाऊस आणि वाऱ्यांबरोबरच ५ ते १० अंश उत्तर व ७० ते ७५ अंश पूर्व या चौकोनातला ओएलआर २०० च्या खाली गेला आहे का, हेही इन्सॅट या भारतीय उपग्रहावरून तपासते. त्याहून दूरचा अंदाज हवा असेल तर ३० ते ६० दिवसांत पूर्वेकडे सरकणारा मॅडन-ज्युलियन दोलनाचा ढगपट्टा पाहावा लागतो. व्हीलर आणि हेंडन या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलेला त्याचा निर्देशांक ओएलआर आणि दोन उंचींवरचे वारे यांवरच उभा आहे. नोआच्या फाइलमधून विषुववृत्ताजवळचा पट्टा घेऊन रेखांश आणि दिवस असा आलेख काढला, की हिंदी महासागरातून प्रशांताकडे निघालेली ती तिरकी रेघ डोळ्यांसमोर उभी राहते. हे चित्र स्वतः काढून पाहण्यात जे समाधान आहे ते तयार नकाशात नाही.

आपल्याकडचा पाऊस मात्र या डेटावरून जोखू नये. जाळीच्या एका चौकोनाची बाजू सुमारे २७५ किलोमीटर, म्हणजे कोकण, सह्याद्रीचा माथा आणि पलीकडचा पर्जन्यछायेचा प्रदेश एकाच आकड्यात मिसळून जाऊ शकतात. शिवाय घाटमाथ्यावरचा बराचसा पाऊस फार उंच न वाढलेल्या ढगांतून पडतो; त्यांचे माथे तितके थंड नसतात, आणि धो-धो पाऊस चालू असतानाही ओएलआर बंगालच्या उपसागरावर उतरतो तितका खाली उतरत नाही. त्यासाठी पर्जन्यमापकाच्या नोंदीच घ्याव्यात. तासातासाचे ढग पाहायचे असतील, तर इस्रोच्या अहमदाबाद येथील 'मॉसडॅक' या संकेतस्थळावरील इन्सॅटचा अर्ध्या तासाचा डेटा अधिक उपयोगी पडतो.

दीर्घकालीन कल शोधणाऱ्यांनी तर विशेष जपावे. मूळ मोजणी अवरक्त (इन्फ्रारेड) पट्ट्याच्या एका छोट्या भागाची असून त्यावरून एकूण प्रारण काढलेले आहे, आणि जुन्या उपग्रहांची पाहण्याची वेळ वर्षागणिक सरकत गेल्यामुळे जो फरक निव्वळ वेळेचा आहे तो हवामानाचा वाटू शकतो. पृथ्वीच्या उष्णतेचा ताळेबंद मांडायचा असेल, तर मार्च २००० पासूनचा नासाच्या 'सेरीस' या उपग्रहांवरील उपकरणांचा डेटा वापरावा.