ग्नू असेंबलरचे सिम्बॉल टेबल: देवनागरी नावांसह एक परीक्षण

ग्नू असेंबलर, म्हणजे असेंब्ली भाषेतील मजकुराचे यंत्रसंकेतात रूपांतर करणारा प्रोग्राम, लिनक्सवरील बिनयुटिल्स या संचासोबत मोफत मिळतो, एकदा बसवला की इंटरनेट मागत नाही आणि जुन्या संगणकावरही अडत नाही. दारव्हा तालुक्यातील मुलांना असेंब्ली शिकवण्यासाठी मी तो याच कारणांनी निवडला. हे परीक्षण मात्र त्याच्या वेगाचे नाही. प्रोग्राममधील नावे, म्हणजे सिम्बॉल, हा असेंबलर कशा रूपात साठवतो आणि त्या साठवणीचा शिकणाऱ्याला किती उपयोग होतो, एवढ्याच अंगाने मी तो तपासला आहे.

मायक्रोप्रोसेसरच्या किटवर हाताने कोड भरलेल्या विद्यार्थ्याला सिम्बॉल म्हणजे एक नाव आणि त्यासमोर एक पत्ता असे वाटते. या असेंबलरमध्ये ते चित्र अपुरे ठरते. ‘क्विंटल = 100’ असे लिहिले तर त्या सिम्बॉलला पत्ताच नसतो, तो निव्वळ स्थिर संख्या असतो. ‘भाव’ या लेबलखाली, म्हणजे प्रोग्राममधील जागेला दिलेल्या नावाखाली, दर मांडून त्यांच्या शेवटी ‘लांबी = . - भाव’ असे लिहिले (येथे टिंब म्हणजे सध्याची जागा), तर किंमत दोन जागांमधील अंतरातून काढावी लागते. म्हणूनच येथे सिम्बॉलच्या नोंदीत नुसती संख्या न ठेवता एक पदावली, म्हणजे गणिती सूत्र, ठेवण्याची सोय आहे, आणि लेबलची नोंद ‘अमुक विभागातील अमुक तुकड्याच्या सुरुवातीपासून इतके अंतर’ अशी केली जाते.

या तुकड्यांना फ्रॅग म्हणतात आणि माझ्या मते या साधनातील सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना हीच आहे. एक्स-८६ प्रोसेसरवर जवळची ‘जम्प’ सूचना 2 बाइटांत मावते, कारण तिचे अंतर −128 ते +127 इतकेच असते. त्यापलीकडे जायचे असेल तर 5 बाइट लागतात. पुढे येणारे लेबल किती दूर आहे, हे ती सूचना वाचताना ठाऊक नसते, आणि सूचनेची लांबी बदलली की तिच्यानंतरच्या प्रत्येक लेबलचा पत्ता सरकतो. जुन्या पद्धतीचा असेंबलर त्यासाठी मूळ मजकूर दोनदा वाचत असे. हा असेंबलर मजकूर एकदाच वाचतो, लांबी न ठरलेल्या प्रत्येक जागी नवा तुकडा पाडतो आणि शेवटी तुकड्यांच्या लांब्या ठरवून घेतो. लेबल आपापल्या तुकड्याला बांधलेले असल्यामुळे त्यांचे पत्ते त्यांच्यासोबत आपोआप स्थिर होतात. फळ्यावर हे मांडून दाखवले की मुलांना पुढचा संदर्भ (नावाचा वापर आधी, व्याख्या नंतर) ही अडचण खरोखर उमगते, असा माझा अनुभव आहे.

ऑब्जेक्ट फाइलमधील, म्हणजे असेंबलरने तयार केलेल्या यंत्रसंकेताच्या फाइलमधील, नोंद याहून साधी आहे. लिनक्सवरील ऑब्जेक्ट फाइलच्या 64-बिट एल्फ या स्वरूपात प्रत्येक सिम्बॉलला 24 बाइट मिळतात आणि त्यांत नाव नसतेच. नावे वेगळ्या स्ट्रिंग टेबलमध्ये एकामागून एक लिहिलेली असतात आणि नोंदीत त्यातील जागा दाखवणारी 4 बाइटांची संख्या असते. बाकीच्या जागेत सिम्बॉलचा प्रकार, त्याची दृश्यता, विभाग, किंमत आणि आकार असतो. या विभागणीचे मोल देवनागरीत नावे लिहिताना कळते. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, म्हणून ‘तूर’ 9 बाइटांचे, ‘कापूस’ 15 बाइटांचे आणि ‘क्विंटल’ 21 बाइटांचे होते. कॉफ या जुन्या स्वरूपात नोंदीतच नावासाठी 8 बाइट राखलेले असतात; तेथे साधी ‘तूर’ही मावत नाही आणि तिला स्ट्रिंग टेबलमध्येच पाठवावे लागते. ग्नू असेंबलर देवनागरी नावे विनातक्रार स्वीकारतो, आणि आपल्या भाषेतले नाव प्रोग्राममध्ये चालते हे पाहून ग्रामीण मुलाची भीड मोडते, याला मी फार महत्त्व देतो.

आता दोष, आणि तो गंभीर आहे. कोठेही व्याख्या नसलेले नाव आढळले की हा असेंबलर तक्रार न करता ते दुसऱ्या फाइलमधील सिम्बॉल असल्याचे गृहीत धरतो. नाव बाहेरचे असल्याचे सांगणारा ‘एक्स्टर्न’ हा निर्देश लिहिला तरी तो वाचून सोडून दिला जातो. मुख्यतः जीसीसी या कंपायलरने तयार केलेला असेंब्ली मजकूर यंत्रसंकेतात आणण्यासाठी हे साधन घडले असल्याने त्याला यात वावगे वाटत नाही, पण हाताने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची टंकनचूक त्यामुळे लिंकरपर्यंत, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रामपर्यंत, झाकलेली राहते. नॅझम हा असेंबलर अशा नावावर तेथेच त्रुटी दाखवतो, आणि या एका बाबतीत तो निश्चितपणे सरस आहे.

देवनागरीत हा दोष दुप्पट बोचतो. ‘सऱ्या’ हा शब्द एका मुलाने नुक्त्याचा स्वतंत्र ‘ऱ’ वापरून लिहिला तर 15 बाइट होतात. दुसऱ्याने र, हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह वापरले तर 18 होतात. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, परंतु असेंबलर बाइट जसेच्या तसे ताडून पाहतो, त्यामुळे सिम्बॉल टेबलमध्ये दोन वेगळ्या नोंदी होतात आणि त्यातली एक अव्याख्यात राहते. मग लिंकर सांगतो की ‘सऱ्या’ सापडत नाही, आणि मुलगा त्याच पडद्यावर ‘सऱ्या’ची व्याख्या बघत हताश होतो. आवृत्ती 2.38 पासून बहुबाइट नावांवर इशारा देणारा पर्याय आला आहे. मात्र तो देवनागरीतील प्रत्येक व्याख्येवर इशारा देतो, म्हणून या कामी तो निरुपयोगी आहे.

त्यावर मी सध्या दोन उपाय वापरतो. सर्व मुलांनी इनस्क्रिप्ट या एकाच कळफलकावर टंकन करायचे, आणि असेंबलर चालवताना ‘-एएस’ (-as) हा पर्याय द्यायचा. त्याने व्याख्या असलेल्या आणि नसलेल्या सिम्बॉलची यादी वेगवेगळी छापून येते, आणि अव्याख्यात यादीत आपलेच नाव दिसले तर लिंकरकडे जाण्याची गरजच उरत नाही. ही यादी मागावी लागू नये, निदान शिकणाऱ्यांसाठी ती आपणहून यावी, अशी माझी या साधनाच्या कर्त्यांकडून अपेक्षा आहे.