दिवाडीच्या खाजनात चालायला जाताना: पावसाळा ते उन्हाळा, इतक्या महिन्यांचा अनुभव

पणजीकराला चालायला मिरामारचा किनारा आहे, आल्तिनोचे जॉगर्स पार्क आहे. तरी गेल्या पावसाळ्यापासून मी आणि आई सवड मिळाली की मांडवी नदीतले दिवाडी बेट गाठतो. उन्हाळा लागला तरी आमचे मन भरलेले नाही. इथे फाटक नाही की माळी नाही. सगळा गाव शेतातून जातो-येतो, त्या वाटेनेच आपणही चालायचे.

पोहोचणे सोपे आहे. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेले की फेरीचा धक्का. रायबंदरहूनही फेरी आहे. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. पलीकडे उतरल्यावर गाव लगेच लागत नाही. आधी दोन्ही बाजूंना सपाट खाजने, म्हणजे नदीकाठची सखल भातशेते, पसरलेली, मग चढण आणि टेकडीवर पियेदादचे चर्च. हा मधला रस्ता आईच्या गुडघ्यांनाही झेपतो. बांधांवर मात्र मी तिला नेत नाही. काही ठिकाणी चिरे निसटलेले आहेत, आणि पावसात चिखलावर पाय टिकत नाही.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे शेताचे प्रकार जमिनीवरून ठरतात: मोरड (उंचावरची), खेर (मधली, रेताड) आणि खाजन. खाजन सर्वांत सखल, नदीची भरती बांधाने अडवून मिळवलेले. भरतीला बाहेरचे पाणी आतल्या शेतापेक्षा उंच असते. बांधावर उभे राहिले की एका हाताला वर आलेली मांडवी आणि दुसऱ्या हाताला खाली भात, हे एका नजरेत दिसते. नदीच्या बाजूला खारफुटी असेल तर लाटांचा मार ती आधी झेलते.

या सगळ्याची किल्ली म्हणजे मानस, बांधातले पाण्याचे दार. मला तिथे तासभर उभे राहायलाही आवडते. बांधातल्या दगडी तोंडावर लाकडी झडपा, खालच्या अंगाला कालवांचे थर चिकटलेले. भरती चढू लागली की नदीचे पाणी झडपेला आत रेटते आणि ती आपोआप घट्ट मिटते. फटीतून येणारी पाण्याची धार बारीक होत जाते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर वाढतो, झडप किलकिली होते आणि शेतातले पाणी पोंयीतून, म्हणजे आतल्या खोलगट चरातून, वाहत येऊन बाहेर पडते. मोटार नाही, वीज नाही. त्या वेळी तोंडाशी जाळे लावलेले असते. त्यात शेवटो, काळुंदर हे मासे, सुंगटां (कोळंबी), नशीब असेल तर चोणक हा मोठा मासा मिळतो. मानशीवरच्या मासळीचा हक्क पावणी (लिलाव) करून दिला जातो, म्हणून तिथे गळ टाकून बसू नये. मुलांना शाळेत भरती-ओहोटी शिकवतात, त्यांना एकदा इथे आणाच.

हे बांध पोर्तुगीज येण्याआधीचे. तिसवाडीतल्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज 1526 च्या फोराल या पोर्तुगीज सनदेत लिहून घेतले गेले, म्हणजे व्यवस्था तेव्हाही जुनीच होती. बांध राखणे ही गावकरीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमीन-संस्थेची, सामूहिक जबाबदारी. कदंब राजांचा कुलदेव सप्तकोटेश्वरही मूळचा याच बेटावरच्या नार्व्याचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडच्या नार्व्यात गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आई फेरीत बसली की नेहमी त्या दिशेला हात जोडते.

ऋतू बदलला की जागा ओळखू येत नाही. जुलैत लावणी चालू असते. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघालेला असतो, त्या भरवशावरच खारे पाणी सोसणारा कोरगुट भात इथे पिकतो. ऑगस्टमध्ये बोंदेरा या इथल्या उत्सवाचे निशाण फडकते. शेतांच्या हद्दींवरून वाड्यांत होणाऱ्या भांडणांची ती आठवण, पण त्या दिवशी गर्दी इतकी असते की चालायला जाऊ नका. चतुर्थीच्या सुमारास कणसे भरलेली असतात आणि आमच्याकडे नव्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, तीच लागतात. कापणीनंतर धसकटांत बगळे उतरतात, खंड्या मानशीवर बसतो. आता मार्च-एप्रिलमध्ये मात्र ऊन भाजून काढते आणि बांधावर सावलीचे नाव नाही.

तक्रार आहे, आणि ती मनापासून आहे. शनिवार-रविवारी येणारे काही लोक बाटल्या बांधावरच फोडून जातात. काच चिखलात रुतते आणि लावणीला वाकलेल्या बायकांच्या पायात जाते. एका बाईने मला टाचेवरची जखम दाखवली तेव्हा काय बोलावे कळेना. फोटोसाठी उभ्या भातात शिरणारेही पाहिले. माझे स्पष्ट मत आहे, पाहुण्यांनी बांधावरच चालावे आणि शेतात उतरूच नये.

दुसरी गोष्ट खोल आहे. बांध फुटून वेळेवर डागडुजी झाली नाही की खारे पाणी शेतात ठाण मांडते, पाठोपाठ खारफुटी वाढते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने ती तोडून पुन्हा भात लावणे शेतकऱ्याच्या हाती राहत नाही. 1964 च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याकडे आली हे न्यायाचेच झाले, पण बांधाची सामूहिक जबाबदारी गावोगावी ढिली पडली. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेने खाजनांना गोव्यासाठी खास संरक्षण दिले. बांधकाम त्याने अडते. फुटलेला बांध मात्र चिखल आणि चिरे घेऊन माणसांनीच बांधावा लागतो. पडीक खाजनाजवळून जाताना मला खरेच वाईट वाटते. आपण ज्या बांधावरून चालतो तो आतल्या भातासाठी टिकवलेला आहे. भात थांबला की आपली वाटही गेली.

म्हणून आम्ही आता घरच्या पेजेला शक्य तेव्हा इथलाच उकडा तांदूळ घेतो. गावात विचारले तर कोणाकडे आहे ते सांगतात. बाजारापेक्षा महाग पडतो, पण पेज दाट होते आणि पोटात टिकते.

जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, सकाळी सातच्या आत. पाणी आणि टोपी घ्या, कचऱ्याची पिशवी घ्या. बांधावर शौचालय नाही, तेव्हा सोय आधीच करून निघा. कुत्र्याला मोकळे सोडू नका, गुरे चरत असतात. मानस चालताना पाहायची असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघून या. गाडी पलीकडे नेण्यापेक्षा जुन्या गोव्यातच ठेवा. संध्याकाळी परतीच्या फेरीला चारचाकींची रांग लागते, पायी माणूस मात्र पहिल्याच फेरीत चढतो.