तालमीत येऊन पावडर विकणाऱ्यांपासून सावध राहा, भाच्याच्या बाबतीत काय झालं ते लिहितोय

ज्यांची पोरं तालमीत आहेत, नाहीतर हल्ली निघालेल्या बॉक्सिंग, एमएमए, किकबॉक्सिंगच्या क्लासला जातात त्यांनी जरा वेळ काढून वाचा. लांबलंय, पण यात गाळण्यासारखं फार काही नाही. तक्रार दिलेली आहे आणि वकिलांनी सांगितलंय की नावं घेऊ नका, म्हणून माणसाचं नाव नाही, तालमीचं नाही, कंपनीचं पण नाही. पद्धत मात्र सगळी सांगतो.

भाचा १९ वर्षांचा, ६५ किलोत खेळतो, कोल्हापुरात तालमीतच राहायला. मी स्वतः तरुणपणी लाल मातीत लोळलोय, आमच्या वेळी खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, अंडी, जमेल तेव्हा मटण आणि मेहनतीनंतर थंडाई, बास. आता मॅट आली, पोरं दोन टाइम मेहनत करतात, वरनं वेट ट्रेनिंग, खोलीवर स्वयंपाक करणारं कुणी नाही, मग डब्यातलं प्रोटीन लागतं आणि त्यात वाईट काही नाही. पावडर म्हणजे विषच असं म्हणणाऱ्यातला मी नाही. व्हे प्रोटीन म्हणजे शेवटी दुधाचंच, चीज करताना जे पाणी उरतं त्यातनं काढलेलं.

तर हा विकणारा कोण, तो माजी पैलवान. मोडलेले कान, आल्या आल्या वस्तादांच्या पाया पडणार, पोरांना बाळा बाळा म्हणून पाठीवर हात फिरवणार, मला पण मामा मामा करायचा. दुकान नाही. गाडीवर मोठी बॅग टाकून तालमी-तालमीनं फिरतो. बाहेर दुकानात साडेसहा हजाराला मिळणारा दोन किलोचा इम्पोर्टेड डबा हा अठ्ठेचाळीसशेला देतो, म्हणे इम्पोर्टरकडनं डायरेक्ट माल येतो, मधला दुकानदार नाही म्हणून स्वस्त. बिल मागितलं तर म्हणाला, "मामा, बिल लावलं तर जीएसटी पडंल, मग काय स्वस्त राहतंय?"

पहिला डबा ओरिजिनल होता. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळा खेळ इथंच आहे. पहिला डबा खरा देतात. पोरगं शेकरमध्ये हलवतं, पटकन विरघळतं, पोट बिघडत नाही, चव बरोबर, चार मित्रांना सांगतं, आणि तिथनं पुढं डबा खोटा यायला लागतो. दुसऱ्या डब्याला गुठळ्या होत होत्या आणि गोड एवढा की बासुंदी परवडली. विचारलं तर उत्तर तयार, "बॅच बदलली, फॉर्म्युला बदललाय कंपनीनं."

डब्यावर स्क्रॅच कोड होता, क्यूआर होता, आम्ही स्कॅन केला तर हिरवी टिक येऊन "ओरिजिनल प्रॉडक्ट" असं आलं. नंतर माझ्या पोरीनं बघितलं तर क्यूआर ज्या साइटवर नेत होता तिच्या नावात एक अक्षर जास्त. म्हणजे साइटच त्यांची, काहीही स्कॅन करा, हिरवी टिक येणारच. त्यामुळं डब्यावरचा क्यूआर कधी स्कॅन करायचा नाही, कंपनीची साइट स्वतः टाइप करायची आणि तिथं कोड टाकायचा. कोड या आधी तपासलाय असं आलं तर डबा परत.

दुसरी गोष्ट इम्पोर्टरचं स्टिकर. बाहेरच्या देशातनं आलेल्या कुठल्याही खाण्याच्या वस्तूवर इथल्या इम्पोर्टरचं नाव, पत्ता, एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याच्या वस्तूंवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी लायसन नंबर आणि व्हेज-नॉनव्हेजची खूण पाहिजे. आमच्या डब्यावर हे सगळं होतं हो! १४ आकडे व्यवस्थित छापलेले. तो नंबर एफएसएसएआयच्या फॉसकॉस साइटवर टाकला तर कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या फरसाणवाल्याचा निघाला. दोन मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, मोबाइलवर होतं.

डबे कुठनं येतात हे तालमीतल्याच एका पोरानं सांगितलं. जिमवाले रिकामे डबे झाकणासकट विकतात, चांगला डबा असेल तर पैसेपण चांगले येतात, आत दुसरंच भरायचं, वरनं फॉइल मशीनवर सील करायचं. तेव्हापासनं आमच्या घरात रिकाम्या डब्याचं लेबल फाडून, बुडाला भोक पाडूनच भंगारात जातो.

मी तो माल लॅबमध्ये तपासायला दिला. लेबलवर १०० ग्रॅमला ७८ ग्रॅम प्रोटीन, रिपोर्टमध्ये ३० पण नाही. बाकी बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासनं बनवलेली स्वस्त पावडर. लॅबमधले साहेब चांगले होते, म्हणाले की हे ३० पण खरं असेलच असं नाही, कारण साध्या टेस्टमध्ये प्रोटीन सरळ मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. त्यामुळं ग्लायसिन, टॉरिन असली स्वस्त अमिनो मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन फुगतं. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे नायट्रोजनवालं केमिकल घातलं होतं ते ह्याच कारणासाठी, तिथं लेकरं मेली. आणि हे फक्त बोगस डब्यांचं नाही बरं का. २०२४ मध्ये केरळातल्या डॉक्टरांनी भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन प्रॉडक्ट तपासून पेपर छापला, त्यात जवळजवळ ७० टक्क्यांच्या लेबलवरचा आकडा चुकीचा निघाला, काहीत तर सांगितलेल्याच्या निम्मंच प्रोटीन.

इथपर्यंत पैशाचं नुकसान म्हणून सोडून दिलं असतं. खरं प्रकरण पुढं आहे.

त्यानं एकदा भाच्याला बाजूला घेतलं आणि पांढरी बरणी दिली. लेबल नाही, कंपनी नाही, करड्या रंगाची पावडर. "हे आयुर्वेदिक आहे, अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी, माझ्या गुरूंची रेसिपी, बाहेर कुणाला देत नाही, तुला देतोय कारण तुझ्यात दम आहे." अर्धा किलोचे बावीसशे. रोज दुधातनं दोन चमचे.

आणि पावडर लागू पडली. जबरदस्त लागू पडली. भूक अशी की पोरगं भाकऱ्या मोजायचं बंद झालं, थोड्याच दिवसात अंग भरलं, गाल वर आले, जुना गुडघा दुखायचा तो पण थांबला. वस्ताद खूश, घरी ताई खूश, "पोरगं आता पैलवान दिसतंय." विकणारा प्रत्येक तालमीत भाच्याचा आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवत फिरायला लागला, आमच्या पोराला न विचारता.

मग हळूहळू वेगळंच दिसायला लागलं. दुपारी झोप, सकाळी उठवत नाही. चेहरा गोल, पण हातपाय भरलेले नाहीत, पोट सुटलेलं. पाठीवर, छातीवर पुटकुळ्या. आणि बैठका मारणारं पोर खाली बसलं की मांडीवर हात टेकून उठायला लागलं. मॅटवर तर ज्याला हा सहज पाडायचा तो ह्याला ढकलत नेत होता. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "बॉडी ॲडजस्ट होतेय, डोस वाढव."

माझ्या ओळखीच्या फिजिशियनकडं नेलं. त्यांनी चेहरा बघितला, बीपी घेतलं, १५० वर १००, १९ वर्षांच्या पोराचं. पहिला प्रश्न, काय खातोस? बरणी दाखवल्यावर त्यांनी सकाळी ८ वाजता रक्तातलं कॉर्टिसोल करायला लावलं आणि ते जवळपास तळाला निघालं. कॉर्टिसोल आपल्या शरीरातच बनतं, बाहेरनं स्टेरॉइड येत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं. त्यांनी समजावून सांगितलं की वजन वाढवायच्या असल्या देशी पावडरीत बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन घातलेलं असतं, त्यानं भूक लागते, दुखणं थांबतं, अंगात पाणी धरून चेहरा फुगतो, आणि जोडीला सायप्रोहेप्टाडिन, ही ॲलर्जीची गोळी, तिनं पण भूक वाढते आणि झोप येते. सगळ्या खुणा तंतोतंत. आणि हे जिमवाल्यांच्या ॲनाबॉलिकसारखं स्नायू वाढवणारं स्टेरॉइड पण नाही, उलट हे मांडीचे, दंडाचे स्नायू खातं. म्हणजे पैलवानाला ताकद घालवायचं औषध ताकदीचं म्हणून विकलं.

दवाखान्यातनं येताना माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट. समजा पोरगं निवड चाचणीला गेलं असतं आणि तिथं नाडावाल्यांनी, म्हणजे खेळाडूंची डोपिंग तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेनं, लघवीचा नमुना घेतला असता तर? ही स्टेरॉइड स्पर्धेच्या वेळी बंदीच्या यादीत आहेत. आणि तिथं "मला माहीत नव्हतं, आयुर्वेदिक म्हणून दिलं" हे चालत नाही, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. नरसिंग यादवचं आठवा, आपला तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला ७४ किलोत जाणार होता, मेथॅनडिनोन हे बंदीचं ॲनाबॉलिक स्टेरॉइड सापडलं. खाण्यात कुणीतरी मिसळलं असं त्याचं म्हणणं, नाडानं ते मानलंसुद्धा, तरी कुस्तीच्या तोंडावर रिओत क्रीडा लवादानं ४ वर्षांची बंदी घातली. एवढ्या मोठ्या पैलवानाचं चाललं नाही तर आमच्या पोराचं कोण ऐकणार? २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलच्या आधी पण आपले काही पैलवान मिथाइलहेक्झानामाइन ह्या बंदीच्या उत्तेजकात अडकले होते, ते तेव्हाच्या प्री-वर्कआउट (मेहनतीच्या आधी घ्यायच्या) डब्यात सर्रास असायचं, लेबलवर जिरेनियमचा अर्क असं गोंडस नाव.

ह्या निमित्तानं मी डॉक्टरांना आणि एका स्पोर्ट्स न्यूट्रिशनवाल्या मॅडमना भंडावून सोडलं की मग खरं काय घ्यायचं ते तरी सांगा. उत्तर एवढं छोटं निघालं की रागच आला. लढतीच्या खेळातल्या पोराला दिवसाला किलोमागं १.६ ते २.२ ग्रॅम प्रोटीन बास. ६५ किलोच्या पोराला साधारण १०५ ते १४०. सहा अंडी आणि लिटरभर म्हशीचं दूध घेतलं तर त्यातच सत्तरपंचाहत्तर ग्रॅम झालं, उरलेलं चिकन, डाळ, हरभरे, आणि नाहीच जमलं तर एक स्कूप व्हे. क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, साधं, बिनचवीचं, स्वस्त, त्याच्या मागं चांगला अभ्यास आहे, फक्त त्यानं स्नायूत पाणी धरून किलो-दोन किलो वजन वाढू शकतं, त्यामुळं वजनगटाच्या कडेवर असलेल्यानं आधी हिशोब करायचा. आता वजन कुस्तीच्याच दिवशी सकाळी होतं, पूर्वीसारखं आदल्या दिवशी देऊन रात्रभर खायची सोय नाही. आणि कॅफिन, किलोमागं ३ मिलिग्रॅम, म्हणजे एक-दोन कडक कॉफी. कॅफिन २००४ पासनं बंदीच्या यादीत नाही.

बीसीएए (अमिनो ॲसिडची पावडर), टेस्टोस्टेरॉन बूस्टर, ग्लुटामाइन ह्यावर त्या मॅडम नुसत्या हसल्या. प्री-वर्कआउट घेतल्यावर अंगाला मुंग्या येतात आणि पोरांना वाटतं चढलं, ते बीटा-ॲलनिनचं असतं, धोका नाही पण मुंग्या आल्या म्हणजे ताकद आली असं काही नाही. फॅट कटरला मात्र हात लावायचा नाही असं त्यांनी दोनदा सांगितलं. त्यात सिब्युट्रामाइन हे भूक मारणारं औषध सापडतं, जे आपल्याकडं २०११ मध्येच बंद केलंय, नाहीतर लघवी करायला लावणाऱ्या गोळ्या, आणि त्या डोपिंगमध्ये कायम बंद. इंजेक्शनचं तर बोलूच नका, मेफेन्टरमाइन हे ऑपरेशनच्या वेळी बीपी पडलं तर द्यायचं औषध, ते पोरं मेहनतीच्या आधी टोचून घेतात.

स्पर्धा खेळणाऱ्यानं डब्यावर इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्टची खूण बघायची, म्हणजे बंदीच्या औषधांसाठी तपासलेला माल, आणि खूण कुणीही छापतं म्हणून त्यांच्या साइटवर जाऊन आपल्याच डब्याचा बॅच नंबर शोधायचा. महाग पडतं, खरंय. नाही परवडत तर अंडी घ्या.

विकणाऱ्याचं म्हणाल तर नंबर बंद. वस्तादांनी त्याला तालमीत यायला मनाई केलीय, पण दुसरीकडं जातोय असं कानावर आहे. बिल नसल्यामुळं सगळ्यात अडलं, शेवटी यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि उरलेली बरणी एवढ्यावर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार केली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण नोंदवलीय.

भाचा बरा होतोय, पण डॉक्टर म्हणतात मॅटवर जायला महिने लागतील. आणि एक अगदी महत्त्वाचं. ज्यांच्या पोरांनी असली बिनलेबलची पावडर काही आठवडे घेतलीय त्यांनी हे वाचून घाबरून ती एकदम बंद करून घरी बसू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल बंद पडलेलं असतं, अचानक थांबवलं आणि त्यात ताप आला, उलट्या-जुलाब झाले की बीपी पडून पोरगं बेशुद्ध होऊ शकतं, जिवावर बेतू शकतं. भाच्याला डॉक्टरांनी बरणी बंद करून त्या जागी मोजून गोळ्या दिल्या, त्या हळूहळू कमी करत आणतायत. त्यामुळं आजच्या आज बरणी घेऊन एमडी डॉक्टरकडं जा, काय खाल्लं आणि किती दिवस ते खरं सांगा आणि सकाळचं कॉर्टिसोल करायचं का ते विचारा. पोरं घरच्यांसमोर सांगत नाहीत, डॉक्टरांसोबत त्यांना एकटं बसू द्या.