तबकडी की स्ट्रीमिंग : ख्याल ऐकणाऱ्या घरासाठी एक तुलना

बेळगावच्या टिळकवाडीतील एका मित्राच्या सोप्यात दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण गाणे ऐकायला जमतो. खानापूरहून येणाऱ्या आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांना माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांच्या चाळीसेक तबकड्या सापडल्या. मराठी नाट्यपदे, कन्नड वचने आणि काही ख्याल अशा त्या एकत्रच ठेवलेल्या होत्या, जशा या भागातील बऱ्याच घरांत असतात. त्यांच्याजवळ ५०,००० रुपये आहेत आणि तेवढ्यात टर्नटेबल (तबकडी वाजवण्याचे यंत्र) घ्यावा की स्ट्रीमिंगसाठी डॅक (डिजिटल संकेत ऐकण्याजोग्या रूपात बदलणारे उपकरण), अॅम्प्लिफायर आणि स्पीकर घ्यावेत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर झालेल्या गप्पांतून माझे मत जसे तयार झाले, तसे ते येथे मांडतो.

आपल्याला ज्यांचे गाणे ऐकायचे आहे ते मुळात कशावर ध्वनिमुद्रित झाले, हे आधी पाहिले पाहिजे. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ३ मिनिटे मावत, १९४८ साली अमेरिकेत आलेल्या एल.पी. म्हणजे लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूवर २० ते २२ मिनिटे, तर १९८२ च्या सीडीवर ७४ मिनिटे. मिरजेत स्थायिक झालेले गवई अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. त्यांच्या तबकड्यांतील गायकीचा घट्टपणा त्या तीन मिनिटांच्या मर्यादेतून आलेला आहे आणि त्यांच्यासाठी तबकडी हेच मूळ साधन आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या किंवा धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांच्या बाबतीत मात्र मैफलींची दीर्घ ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, आणि तासाभराचा राग मध्येच बाजू न उलटता ऐकण्याची सोय डिजिटल साधनच देते.

दुसरा मुद्दा तबकडीच्या रचनेतला आहे आणि ख्याल ऐकणाऱ्याला तो इतर कोणत्याही श्रोत्यापेक्षा अधिक भोवतो. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या या एकाच गतीने फिरते. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खोबण सरकते, पण मध्यभागाजवळ ती जेमतेम २१ सेंटिमीटर उरते. जितकी खोबण कमी सरकते तितके बारीक तरंग तिच्यात दाटीवाटीने कोरावे लागतात आणि सुईला ते नीट वाचता येत नाहीत. आता आपल्या गाण्याचा क्रम पाहा. बाजूच्या आरंभी, जिथे खोबण उत्तम असते, तिथे संथ आलाप असतो आणि त्यात धुळीची प्रत्येक टिकटिक ऐकू येते. द्रुत बंदिश आणि वेगवान ताना येतात त्या बाजूच्या शेवटी, म्हणजे नेमक्या त्या जागी जिथे तबकडी सर्वांत दुबळी असते. सुई झिजलेली असेल, तर तानेतले स्वर एकमेकांत मिसळतात आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, खरखरीत होते. सुईचे आयुष्य साधारण ५०० ते १,००० तासांचे धरतात, म्हणून रोज दोन तास ऐकणाऱ्याने वर्षभरानंतर ती तपासून घ्यावी.

डिजिटलची बाजू आकड्यांत सरळ आहे. सीडीच्या दर्जाचे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचे ध्वनिमुद्रण सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातला सुमारे ९६ डेसिबलचा विस्तार सामावते, तर चांगली एल.पी. ६० ते ७० डेसिबलपर्यंत जाते. तरीही मला दोन तक्रारी आहेत. जुन्या तबकड्या डिजिटल करताना खरखर काढण्याच्या भरात पुष्कळदा तंबोराही पुसला जातो. मग गवई एखाद्या रिकाम्या खोलीत एकटाच गात असल्यासारखा वाटतो, आणि असे ध्वनिमुद्रण मी दोन मिनिटांपलीकडे ऐकू शकत नाही. शिवाय राग, ताल, तबल्याची आणि सारंगीची साथ ही माहिती एल.पी.च्या वेष्टनावर छापलेली असते. स्ट्रीमिंगवर ती अनेकदा नसते, कधी चुकीचीही असते. मराठी-कन्नड दोन्ही लिप्यांतली नावे रोमन अक्षरांत तीन-तीन प्रकारे लिहिलेली आढळतात, त्यामुळे शोधणाऱ्याला चिकाटी ठेवावी लागते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबाबत आणखी एक बाब सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काळातील सर्वच ध्वनिमुद्रणे नेमक्या ७८ फेऱ्यांना झालेली नाहीत. गतीत सुमारे ६ टक्क्यांचा फरक पडला की स्वर अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे पेटीच्या काळी एकमध्ये गाणारा गवई सफेद दोनमध्ये गाताना ऐकू येतो आणि आवाजाचा पोतही बदलतो. गती बारकाईने कमी-जास्त करता येणारा टर्नटेबल आणि जवळ एक पेटी असेल, तर ही चूक घरी दुरुस्त करता येते.

आता घराविषयी. आपल्याकडच्या सोप्यात शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असतात, त्यामुळे आवाज घुमतो. जाड सतरंजी, गाद्या-लोड आणि पुस्तकांचे कपाट यांनी जो फरक पडतो तो महागड्या वायरीने पडत नाही. माझी स्वतःची चूक अशी की मी टर्नटेबल स्पीकरशेजारच्या लाकडी कपाटावर ठेवला होता, आणि डग्ग्याचा घुमारा सुईपर्यंत पोहोचून सारे घर हुंकारू लागे. तो भिंतीत ठोकलेल्या स्वतंत्र फळीवर ठेवल्यावरच हे थांबले. खानापूरच्या पावसाळ्यात दमट वेष्टनांतील तबकड्यांवर बुरशी धरते, तेव्हा त्या उभ्या आणि कोरड्या जागी ठेवणे हे चार महिन्यांचे नियमित काम होते. वीज गेल्यावर चौकोनी लहर देणारा साधा इन्व्हर्टर दोन्ही मार्गांत अॅम्प्लिफायरमधून गुणगुण उमटवतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर हा त्रास फारसा होत नाही.

एवढे पाहिल्यावर माझा कौल पहिल्या वर्षी डिजिटलच्या बाजूने आहे. ५०,००० पैकी निम्म्याहून अधिक रक्कम स्पीकरवर घालावी, कारण मानवी आवाजाचा कस तिथेच लागतो. अॅम्प्लिफायर मात्र फोनो जोडणी (टर्नटेबल जोडण्याची सोय) असलेलाच निवडावा. सुई बसवलेल्या नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्टचा संकेत निघतो आणि तो वाढवण्याची सोय आतच असली, तर पुढे टर्नटेबल आणताना वेगळा खर्च पडत नाही. सूटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेयर घेऊ नयेत. चांगल्या टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यावर, सुईचा भार दीड-दोन ग्रॅम असतो, त्यांत तो बराच अधिक असून खोबण लवकर झिजते. ज्यांच्या घरी पन्नासहून अधिक सुस्थितीतल्या एल.पी. आधीच आहेत, त्यांनी हा क्रम उलटा करायला माझी हरकत नाही.

आमच्या गुरुजींच्या ट्रंकेत बहुतेक तबकड्या ७८ च्या निघाल्या. त्यांना मी सांगितले की त्या लाखेच्या आहेत, म्हणून स्पिरिटने अजिबात पुसू नका, कारण लाख त्यात विरघळते, आणि एल.पी.च्या सुईनेही वाजवू नका, कारण ७८ ची खोबण रुंद असल्याने तिला सुमारे चौपट जाड टोकाची सुई लागते. ती सुई येईपर्यंत प्रत्येक तबकडी कोऱ्या कागदी वेष्टनात घालून, लेबलावरचा क्रमांक आणि गवयाचे नाव वहीत उतरवून ठेवायचे ठरले आहे, आणि पुढच्या रविवारी ती वही घेऊन ते येणार आहेत.