शेवटच्या तासात काय घ्यावं: पैठणी, हिमरू की सोलापुरी चादर?

मुंबई विमानतळावर सुरक्षा तपासणी उरकली आहे, परदेशातल्या यजमानांसाठी आपल्याकडचं काही घ्यायचं राहून गेलंय आणि समोर कापडाचं दुकान दिसतंय. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी पैठणीकडे जातो. मी मात्र हिमरूची शाल घ्या म्हणेन.

पैठणीबद्दल मला अपार माया आहे, म्हणूनच ती घाईत घेऊ नये असं वाटतं. हातमागाची पैठणी पारखायची तर पदर पूर्ण उलगडून मागून बघावा लागतो. मोर, मुनिया, असावली या पारंपरिक नक्ष्यांतला प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने हाताने गुंफलेला असतो, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच नेटकी दिसते. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ती जेकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उमटवणाऱ्या यंत्रणेवर विणलेली. लेबलंही नीट वाचावी लागतात. सिल्क मार्क फक्त रेशीम खरं असल्याचं सांगतो. माग हाताचा आहे का, ते हॅण्डलूम मार्कवरून कळतं. बोर्डिंग सुरू झाल्यावर एवढं कोण बघणार? पैठणीच्या नावावर मिळणारे स्टोल आणि पर्सही पुष्कळदा यंत्रमागाच्या कापडाच्या असतात. मोठी रक्कम घालायचीच असेल तर येवल्याला किंवा पैठणला माग बघून घाला.

हिमरू हे छत्रपती संभाजीनगरचं विणकाम. सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमाचा जादा बाणा (आडवा धागा) घालून त्यात वेलबुट्टी काढतात. इथे पैठणीची कसोटी लावू नका. मागच्या बाजूचे सुटे धागे हा हिमरूत दोष नाही. त्या थरामुळेच शाल मऊ आणि ऊबदार लागते. किंमत पैठणीपेक्षा पुष्कळ कमी आणि वजन हातातल्या पिशवीला झेपणारं. मुख्य म्हणजे घेणारी व्यक्ती ती खरंच वापरते. साडी न नेसणाऱ्या घरी साडी दिली की ती कपाटातच राहते, शाल थंडीत रोज खांद्यावर येते. पुरुषांना द्यायलाही मफलर मिळतात.

सोलापुरी चादर टिकाऊपणात या दोघींना मागे टाकते. सुती, जाडजूड, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, धुऊन धुऊन मऊ होत जाणारी. परदेशात नव्याने संसार मांडणाऱ्या भाच्याला याहून चांगली भेट मला सुचत नाही. पण ती जड असते. मोठी बॅग काउंटरवर देऊन झाल्यावर केबिनच्या सात किलोंत ती बसवणं अवघड, म्हणून घरूनच मोठ्या बॅगेत तळाशी घालून न्या.

त्याच दुकानात पश्मिना म्हणून स्वस्त शाली दाखवतील. त्यातल्या बऱ्याचशा व्हिस्कोस या कृत्रिम धाग्याच्या असतात. आणि कुठेही, कुणीही शहातूशची शाल देऊ केली तर सरळ नकार द्या. तिच्या लोकरीसाठी चिरू हरणं मारली जातात, भारतात तिची विक्री बेकायदा आहे आणि परदेशातल्या कस्टम्समध्येही ती जप्त होते.

हिमरू घेतल्यावर बिलावर ‘हातमाग’ असं लिहून मागा. दुकानदार लिहायला तयार नसेल तर शाल परत ठेवा.