कोळसा, गॅस की वीज? तंबू आणि बाल्कनीसाठी बार्बेक्यू निवडताना

पवना धरणाकाठी तंबू, गच्ची की फ्लॅटची बाल्कनी? भाजणार कुठे ते आधी ठरवा, किंमत नंतर बघा.

चवीला कोळसाच सरस, यात वाद नाही. पण डोक्यावर छप्पर आलं की तो बाद. निखाऱ्यांच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापल्या कोळशातून जाताना कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. त्याला ना रंग, ना वास. धूर विरलेले, वर राख धरलेले निखारेच जास्त फसवतात. जेवणं आटोपतात, गारठा वाढतो, तीच शेगडी उबेला तंबूत ओढली जाते आणि चेन लावून सगळे झोपतात. निखारे मात्र तासन्‌तास धुमसत राहतात. चेन वीतभर उघडी ठेवूनही भागत नाही. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट धरतो. मोकळ्या हवेत आणल्यावरही रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ४-५ तास लागतात. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं. पार्टीत ती दारूच्या नावावर खपतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसतो, आकडा ठणठणीत दाखवतो.

गॅसचा बार्बेक्यू नॉब फिरवला की विझतो, हा त्याचा मोठा फायदा. ज्योत निळी हवी. पिवळी पडली, जाळीवर काजळी धरली, तर बर्नरची भोकं तुंबलीत किंवा हवा कमी पडतेय. बंद जागेत ऑक्सिजन घटला की चांगला बर्नरही विषारी वायू सोडू लागतो, म्हणून हाही उघड्यावरच. काचा सरकवून बंद केलेली बाल्कनी म्हणजे खोलीच.

विजेच्या ग्रिलमध्ये काही जळत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्नच नाही. फ्लॅटसाठी हाच घ्या. २००० वॉटचा ग्रिल जवळपास ९ अँपिअर खेचतो. ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका, १६ चा हवा. चरबीच्या धुरासाठी खिडकी उघडी ठेवा.

तंबूत झोपणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जवळ असू द्या. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा अलार्म ३०० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३०० भाग) ३ मिनिटांच्या आत वाजतो, ५० पीपीएमला मात्र तासाभरानंतर. तेव्हा तो आहे म्हणून निखारे आत घ्यायचे नाहीत. झोपण्यापूर्वी ते बाहेरच, भरपूर पाणी ओतून विझवा. कुणाला गरगरलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग १०८.